घरच्या ठेव्याचे जतन



जी वस्तू दुर्मिळ असते तिला माणूस जपतो; जी विपुल असते तिच्याकडे त्याचे सहसा दुर्लक्ष होते. आपल्या आजोबांच्या बालपणी छायाचित्र काढावयाचे म्हणजे घरातला एक सोहळाच असे. ठेवणीतले कपडे घालून सारे कुटुंब छायाचित्रकाराच्या दुकानी जाई, श्वास रोखून ओळीने उभे राही, आणि मिळालेले एकुलते एक छायाचित्र चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावले जाई. त्यातील कोणता चेहरा कोणाचा, हे घरातील लहान मूलही सांगू शके. आज आपल्या खिशातील मोबाइलमध्ये हजारो छायाचित्रे, शेकडो गाणी आणि तासन्‌तास चालणाऱ्या चित्रफिती असतात. परंतु ‘गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवातले आजीचे छायाचित्र दाखव पाहू’ असे कोणी म्हटले, तर ते शोधण्यात अर्धा तास जातो, आणि पुष्कळदा ते सापडतच नाही. साठा वाढला, पण संग्रह झाला नाही, अशी आपली अवस्था आहे.

साठा आणि संग्रह यांतील हा फरक आमच्या शाळेच्या संगणक मंडळास एका दुःखद प्रसंगाने कळला. गतवर्षी कार्तिकी पौर्णिमेस आमच्यापैकी एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा मोबाइल रामघाटावर क्षिप्रेच्या पाण्यात पडला. मोबाइल गेल्याचे दुःख चार दिवसांत ओसरले असते. परंतु त्यात त्याच्या आजोबांच्या पंचाहत्तरीच्या समारंभाची चित्रफीत होती, आणि आजोबा दोनच महिन्यांपूर्वी निवर्तले होते. त्या चित्रफितीची दुसरी प्रत कोठेही नव्हती. ती काढण्यास पाच मिनिटे पुरली असती. पण ‘उद्या करू’ म्हणता म्हणता ती पाच मिनिटे कोणास मिळाली नाहीत. पुढच्या शनिवारी मंडळाच्या बैठकीत त्याने ही हकीगत सांगितली, तेव्हा बराच वेळ कोणी काही बोलले नाही. संगणक उत्तम जाणतो असा अभिमान बाळगणारे आम्ही. परंतु आमच्यापैकी बहुतेकांच्या घरची स्थिती याहून निराळी नव्हती.

त्याच दिवशी मंडळाने ठरविले की, वर्षभर प्रत्येक सभासदाने आपल्या घरची छायाचित्रे, आवाज आणि चित्रफिती यांची नीट व्यवस्था लावावयाची, आणि जे शिकावयास मिळेल ते दर शनिवारी इतरांस सांगावयाचे. त्या वर्षभराच्या उद्योगाचे सार पुढे देत आहोत.

१. आधी एकत्र करा

पहिले काम म्हणजे विखुरलेले सर्व एका ठिकाणी आणणे. बाबांचा मोबाइल, आईचा मोबाइल, जुन्या कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड, लग्नात मिळालेल्या तबकड्या, कपाटाच्या तळाशी पडलेला पेन ड्राइव्ह, अशा दहा ठिकाणी घरचा ठेवा वाटला गेलेला असतो. संगणकावर ‘घरचा ठेवा’ या नावाचे एक मुख्य फोल्डर करावे. त्याच्या पोटात छायाचित्रे, ध्वनी आणि चित्रफिती अशी तीन फोल्डरे, आणि प्रत्येकाच्या पोटात वर्षांची फोल्डरे. याहून अधिक खोलात शिरू नये. ‘समारंभ’, ‘नातेवाईक’, ‘सहली’ असे शंभर कप्पे करणारा मनुष्य लौकरच गोंधळतो. कारण आत्याच्या लग्नासाठी केलेल्या नाशिकच्या प्रवासाचे छायाचित्र या तीनही कप्प्यांत बसते. वर्ष मात्र प्रत्येक वस्तूस एकच असते.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. संगणकावर प्रत आली म्हणून मोबाइलमधील मूळ वस्तू लगेच पुसून टाकू नये. दोन स्वतंत्र ठिकाणी प्रती झाल्या आहेत आणि त्या प्रत्यक्ष उघडून पाहिल्या आहेत, अशी खात्री झाल्यावरच जागा मोकळी करावी.

मग निवड. प्रभातवंदनाची फुले, फिरत आलेले विनोद, चुकून निघालेले फरशीचे छायाचित्र हे सारे निःशंकपणे काढून टाकावे. एकाच क्षणाची बारा छायाचित्रे असतील तर उत्तम अशी दोन ठेवावीत. धान्य निवडल्यावाचून कोणी कणगीत भरीत नाही. मात्र निवड करताना वडीलधाऱ्यांस शेजारी बसवून घ्यावे. एका सभासदाने धूसर म्हणून पुसावयास घेतलेले छायाचित्र पाहून त्याची आई म्हणाली, ‘अरे, आपल्या जुन्या घरातल्या तुळशीवृंदावनाचे हे एवढेच आहे!’ धूसर छायाचित्र नेहमीच टाकाऊ नसते.

२. नावात काय असते?

कॅमेरा छायाचित्रास जे नाव देतो ते कैद्याच्या क्रमांकासारखे असते: काही इंग्रजी अक्षरे आणि पुढे चार-सहा आकडे. त्यावरून आतील माणसे, स्थळ वा प्रसंग यांचा काहीही बोध होत नाही. म्हणून ठेवण्याजोग्या प्रत्येक फाइलीस आपण स्वतः नाव द्यावे. मंडळाने पुष्कळ चर्चेनंतर जी पद्धत स्वीकारली ती अशी: आधी तारीख, मग स्थळ, मग प्रसंग, शेवटी माणसे. उदाहरणार्थ, २०१६ च्या सिंहस्थात अक्षय्य तृतीयेच्या स्नानाच्या दिवशी काढलेल्या एका छायाचित्राचे नाव आम्ही असे ठेवले:

२०१६-०५-०९_उज्जैन_रामघाट_सिंहस्थ_आजी-आत्या

तारखेत वर्ष प्रथम, मग महिना, मग दिवस का, असा प्रश्न मंडळात निघाला. कारण सोपे आहे. संगणक नावे डावीकडून उजवीकडे एकेक अक्षर पाहत लावतो. दिवस प्रथम लिहिला, तर सर्व वर्षांतील एक तारखा एकत्र येतात आणि कालक्रम मोडतो. वर्ष प्रथम लिहिले, तर नावांचा क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो. तारखा लिहिण्याचा आंतरराष्ट्रीय संकेतही हाच आहे. महिना आणि दिवस नेहमी दोन अंकी लिहावेत. नाहीतर साध्या अक्षरक्रमाने लावणारी यंत्रे दहावा महिना दुसऱ्याच्या आधी आणून बसवितात. आकडे देवनागरी घ्या किंवा इंग्रजी घ्या, पण सर्वत्र एकाच पद्धतीचे घ्या; दोहोंची सरमिसळ केल्यास पुष्कळ ठिकाणी यादीचे दोन तुकडे होतात. तारीख ठाऊक नसेल तर महिना व दिवस यांच्या जागी शून्ये लिहून पुढे ‘अंदाजे’ असा शब्द घालावा. अंदाज हा अंदाज म्हणून लिहिला तर तो उपयोगी पडतो. खात्री म्हणून लिहिला तर तो पुढच्या पिढीस फसवितो. प्राचीन भारतीय ज्योतिषांनी ज्या नगरीच्या रेखावृत्तापासून काळ मोजला, त्या उज्जयिनीत राहणाऱ्या आपण निदान आपल्या घरच्या तारखा तरी चुकू देऊ नयेत.

आणखी एक गोष्ट ध्यानात असावी. मोबाइल छायाचित्र काढतो तेव्हा त्याच फाइलीच्या पोटात तारीख व वेळ गुप्तपणे नोंदवितो. परंतु जुने कागदी छायाचित्र स्कॅन केले म्हणजे संगणक त्यास स्कॅन केल्या दिवसाची तारीख लावतो. परिणामी १९६२ सालची मुंज संगणकाच्या मते गेल्या मंगळवारी झालेली असते! अशा वेळी खरी तारीख नावात लिहिणे हाच सुलभ उपाय होय.

नाव लिहून ठेवण्याचा हा प्रघात संगणकाबरोबर आलेला नाही. आपल्याच गावातील सिंधिया प्राच्य विद्या शोध प्रतिष्ठानात हजारो जुनी हस्तलिखिते जतन केलेली आहेत. अशा हस्तलिखितांच्या अखेरीस पुष्कळदा चार ओळींची पुष्पिका असते: ग्रंथाचे नाव काय, तो कोणी उतरविला, कोणासाठी, कोणत्या संवतात, कोणत्या तिथीस आणि कोणत्या गावी. त्या चार ओळींमुळे आजचा अभ्यासक त्या पोथीचा काळ आणि ठिकाण निश्चित करू शकतो. लेखनिकास आपल्या श्रमाचे मोल ठाऊक होते. म्हणून पोथी पुरी झाली तरी नोंद केल्यावाचून तो लेखणी खाली ठेवीत नसे. आपल्या प्रत्येक वर्षाच्या फोल्डरात ‘नोंद’ नावाची एक साधी मजकुराची फाइल असावी, आणि त्या वर्षी काय घडले, कोणत्या छायाचित्रात कोण आहे, हे तीत चार ओळींत लिहावे. ही आपली पुष्पिकाच होय.

याच्या उलट उदाहरणही उज्जैनशी संबंधितच आहे. आपल्या नगरीस ज्यांच्या वास्तव्याचा लाभ झाला ते थोर पुरातत्त्वज्ञ डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ साली भीमबेटकाच्या चित्रित गुहा जगाच्या नजरेस आणल्या. १९७५ साली त्यांस ‘पद्मश्री’ मिळाली आणि २००३ साली त्या गुहांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. त्या भिंतींवरचे प्राणी, शिकारी आणि नर्तक सहस्रावधी वर्षे टिकले. परंतु ते कोणी रंगविले, त्या नाचणाऱ्यांची नावे काय होती, हे आता कोणासही कळावयाचे नाही. चित्रे उरली, माणसे हरपली. त्या चित्रकारांपाशी लिपी नव्हती, त्यांचा इलाज नव्हता. आपणांपाशी लिपी आहे.

३. छायाचित्रे

जुन्या कागदी छायाचित्रांसाठी स्कॅनर असल्यास उत्तम. काच मऊ कापडाने पुसून घ्यावी, आणि साधारण पोस्टकार्डाएवढे छायाचित्र एका इंचास ६०० बिंदू या प्रमाणात स्कॅन करावे. चार इंच बाय सहा इंचांचे छायाचित्र असे स्कॅन केले की, २४०० गुणिले ३६००, म्हणजे ८६ लाखांहून अधिक बिंदूंचे चित्र मिळते. ते मोठे करून पुन्हा छापता येते. स्कॅनर नसेल तर खिडकीशेजारी, ऊन थेट पडणार नाही अशा उजेडात छायाचित्र सपाट ठेवून मोबाइलने टिपावे. मात्र छायाचित्राची मागील बाजूही टिपावयास विसरू नये. आपल्या वडीलधाऱ्यांनी तारीख, गाव आणि नावे बहुधा तेथेच लिहिलेली असतात. स्वतः मागे लिहावयाचे झाल्यास मऊ शिसपेन्सिलीने हलके लिहावे; बॉलपेनाने कदापि लिहू नये, कारण त्याचा दाब पुढच्या बाजूस उमटतो आणि शाई पसरते.

छायाचित्रे ज्या ‘जेपेग’ स्वरूपात साठविली जातात, त्याचा गुण आणि दोष दोन्ही जाणून घ्यावेत. सव्वा कोट बिंदूंच्या एका छायाचित्रास कच्च्या स्वरूपात साडेतीन कोटींहून अधिक बाइट जागा लागते. जेपेग पद्धत डोळ्यास सहसा न जाणवणारे बारकावे गाळून तेच चित्र साधारणपणे तिच्या दशांशाच्या आसपास जागेत बसविते. हा गुण. परंतु असे चित्र उघडून, त्यात फेरफार करून पुन्हा त्याच स्वरूपात साठविले की, दर खेपेस आणखी थोडे बारकावे गळतात. म्हणून मूळ चित्रास हात लावू नये. रंग सुधारणे, कडा कापणे इत्यादी सर्व प्रयोग प्रतीवर करावेत. तसेच निरोपांच्या अॅपमधून साध्या रीतीने छायाचित्र पाठविले की ते बहुधा आणखी लहान होऊन जाते. मावशीकडून जुने छायाचित्र मागवावयाचे असेल, तर ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविण्यास तिला सांगावे.

आमच्या एका सभासदाने गोपाळमंदिराच्या पार्श्वभूमीवर काढलेले एका वरातीचे छायाचित्र आणले होते. त्यात चौदा माणसे होती. घरच्यांनी अकरा ओळखली. तो छायाचित्र घेऊन शेजारच्या वृद्ध काकांकडे गेला. त्यांनी आणखी दोघांची नावे सांगितली. चौदावा मुलगा कोण, हे आजतागायत कळलेले नाही. नोंदीत त्याच्यापुढे ‘अज्ञात, वय सुमारे दहा’ असे लिहून जागा मोकळी ठेवली आहे.

४. आवाज आणि गाणी

बाजारातून घेतलेल्या गाण्यांची व्यवस्था सोपी आहे. प्रत्येक गाण्याच्या फाइलीत गाण्याचे नाव, गायक, संगीतकार, वर्ष इत्यादी लिहिण्यासाठी कप्पे असतात. ते नीट भरले म्हणजे गायकाप्रमाणे वा वर्षाप्रमाणे हवी तशी यादी क्षणात मिळते. शास्त्रीय गायनाच्या फाइलींत रागाचे आणि तालाचे नावही लिहावे. ‘एमपी३’ ही पद्धत मोठ्या आवाजाखाली दबून जाणारे सूक्ष्म आवाज गाळून जागा वाचविते. त्यामुळे कच्च्या स्वरूपात मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट घेणारे गाणे सुमारे एका मेगाबाइटमध्ये मावते. ऐकण्यास हे पुरे आहे. परंतु जो आवाज जगात एकच आहे, तो आधी पूर्ण स्वरूपात, म्हणजे ‘वेव्ह’ वा ‘फ्लॅक’ फाइलीत ठेवावा. एमपी३ ही त्यावरून केलेली ऐकण्याची प्रत असावी.

असा जगात एकच असलेला आवाज पुष्कळ घरांत असतो: कॅसेटमध्ये. ही कॅसेट १९६३ साली युरोपात निघाली आणि पुढे आपल्याकडे घरोघर पोहोचली. कॅसेट हाती आली की प्रथम तिच्या वरच्या कडेवरील दोन लहान चौकोनी जिभा मोडून टाकाव्यात. मग चुकून कळ दाबली गेली तरी तिच्यावर दुसरे काही मुद्रित होऊ शकत नाही. नंतर फीत एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत आणावी, म्हणजे चिकटलेले वेढे सुटे होतात. कॅसेटयंत्राच्या कर्णध्वनीच्या खाचेतून एक तार संगणकाच्या ध्वनिप्रवेशास जोडावी आणि ‘ऑडॅसिटी’ या विनामूल्य प्रणालीने मुद्रण करावे. आवाजाची पातळी दाखविणारी पट्टी लाल रेषेस टेकू देऊ नये. तेथे आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही. एका तासाची कॅसेट सुमारे ६०० मेगाबाइट होते.

आमच्या एका सभासद भगिनीने आणलेल्या कॅसेटवर केवळ ‘१९८६’ एवढेच लिहिले होते. लावून पाहिली तेव्हा जात्याची घरघर आणि दोन स्त्रियांच्या ओव्या ऐकू आल्या. मराठीच, पण मधूनच माळवी वळणाची. पलीकडच्या देवासला कुमार गंधर्वांनी आजारपणात माळव्यातील लोकगीते कान देऊन ऐकली आणि त्यांतून आपली गायकी समृद्ध केली, हे आपण वाचतो. तोच माळवा येथे एका मराठी माजघरात येऊन बसला होता. एक आवाज तिच्या पणजीचा, हे घरात सर्वांस ठाऊक होते. दुसरा कोणाचा? आई-बाबांस सांगता येईना. शेवटी फ्रीगंजात राहणाऱ्या तिच्या मावशीआजीस ऐकविले. त्यांनी दोन ओव्या डोळे मिटून ऐकल्या आणि म्हणाल्या, ‘ही तर आमची ताई. लग्न होऊन धारला गेली ती.’ मग त्यांनी कॅसेट पुनःपुन्हा थांबवून कोणती ओवी कोणी शिकविली, हेही सांगितले. आम्ही तेथेच बसून सर्व लिहून घेतले. त्यानंतर तीन महिन्यांनी मावशीआजी गेल्या. आम्ही एक सत्र उशिरा गेलो असतो, तर कॅसेट तशीच राहिली असती, आवाजही तसाच राहिला असता. पण तो कोणाचा, हे सांगणारे जगात कोणी उरले नसते. यंत्राने प्रत पुढच्या वर्षीही काढता येते. नाव मात्र ओळखणारे आहेत तोवरच लिहिता येते. वर्षभराच्या खटपटीतून आम्हांस मिळालेला मुख्य धडा हाच.

नवे मुद्रण करताना ही अडचण मुळातच टाळता येते. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीतर्फे फ्रेड गाइसबर्ग यांनी कलकत्त्यास गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. तबकड्या तयार होत जर्मनीतील हॅनोव्हर येथे. तेथील कारागिरांस गायिका कोण हे कळावे, म्हणून गाण्याच्या अखेरीस त्या इंग्रजीत आपले नाव उच्चारीत. शतक उलटून गेले तरी ते नाव आज आपल्या कानी पडते. तद्वत् आजोबांची आठवण मुद्रित करताना आरंभी त्यांनाच त्यांचे नाव, गाव आणि तारीख सांगावयास लावावे. मग फाइलीचे नाव बदलले, नोंदवही हरवली, तरी आवाज स्वतःच आपली ओळख देईल.

५. चित्रफिती

चित्रफितीस जागा फार लागते, ही सर्वांची तक्रार आहे. थोडा हिशेब करून पाहू. १९२० गुणिले १०८० बिंदूंचे एक चित्र कच्च्या स्वरूपात सुमारे ६२ लाख बाइट घेते. अशी सेकंदास ३० चित्रे, म्हणजे मिनिटास १८००. एकूण ११ गिगाबाइटहून अधिक. मोबाइल हेच काम शंभर-सव्वाशे मेगाबाइटमध्ये करतो. कारण तो प्रत्येक चित्र संपूर्ण साठवीत नाही. एक चित्र पूर्ण ठेवून पुढील चित्रांत जेवढा बदल झाला तेवढाच लिहितो. ओटीवर बसून गोष्ट सांगणाऱ्या आजीच्या मागची भिंत हलत नाही. ती पुनःपुन्हा लिहावयाची कशाला? यावरून हेही कळेल की, मोबाइल स्थिर धरला तर चित्र स्वच्छ येते आणि तेवढ्याच जागेत अधिक बारकावे मावतात.

दुसरी तक्रार अशी की, एका यंत्रावर चालणारी चित्रफीत दुसऱ्यावर चालत नाही. येथे स्वयंपाकघरातील डब्यांचा दृष्टान्त घ्यावा. नावाच्या शेवटी असलेले ‘एमपी४’ वा ‘एव्हीआय’ हे डब्याचे नाव आहे. आत चित्र कोणत्या पद्धतीने आवळून भरले आहे, ही निराळी गोष्ट. डब्याचे नाव बदलले म्हणून आतल्या रव्याची साखर होत नाही! म्हणून नावातील शेवटची अक्षरे बदलण्याचा खटाटोप करू नये. ‘व्हीएलसी’ ही विनामूल्य प्रणाली बहुतेक सर्व डबे उघडू शकते. फ्रान्समधील एका महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली आपल्या वसतिगृहाच्या जाळ्यावर चित्रफिती पाहता याव्यात म्हणून जे काम आरंभिले, त्यातूनच ती निर्माण झाली, हे आपणां विद्यार्थ्यांस उत्तेजन देणारे आहे.

वडीलधाऱ्यांच्या मुलाखती घेताना तासाभराची एक लांबलचक चित्रफीत करण्यापेक्षा दहा-दहा मिनिटांचे भाग करावेत आणि प्रत्येकास विषयाचे नाव द्यावे: ‘शाळा’, ‘लग्न’, ‘क्षिप्रेचा पूर’. तासाची चित्रफीत पाहण्यास सवड कोणास होत नाही. दहा मिनिटांची सर्वजण पाहतात.

६. तीन प्रती

‘आलम आरा’ हा १९३१ चा भारतातील पहिला बोलपट. त्या काळी त्याने केवढी गर्दी खेचली! आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चाही काही भागच उरला आहे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, तोवर पुष्कळ चित्रपट नाहीसे झाले होते. जी वस्तू देशाने गमावली, ती आपल्या घरात आपोआप टिकेल असे समजणे भाबडेपणाचे आहे.

म्हणून नियम असा: प्रत्येक महत्त्वाच्या वस्तूच्या तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर. एक प्रत संगणकावर, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावच्या काकांकडे किंवा इंटरनेटवरील साठवणीत. तिसरी प्रत दूर असावी, कारण चोरी, आग वा पाणी आले म्हणजे एकाच कपाटातील तीनही प्रती एकदम जातात. इंटरनेटवरील साठवणीचा संकेतशब्द घरातील आणखी एका जबाबदार व्यक्तीस ठाऊक असावा. पेन ड्राइव्ह हे ने-आण करण्याचे साधन आहे, तिजोरी नव्हे. आणि प्रत काढली म्हणून निश्चिंत होऊ नये. आम्ही वर्षातून दोन दिवस नेमले आहेत: वर्षप्रतिपदा आणि विजयादशमी. त्या दिवशी हार्ड डिस्क जोडून प्रत्येक फोल्डरातील दोन-चार फाइली उघडून पाहावयाच्या. दसऱ्यास शस्त्रे पुसून ठेवण्याची आपली रीत आहेच. हीही आपली शस्त्रेच.

साधने कालबाह्य होतात, हेही विसरू नये. इंग्लंडात १०८६ साली चर्मपत्रावर लिहिलेली ‘डूम्सडे’ नावाची जमीनमोजणीची नोंदवही आजही वाचता येते. तिच्या नवशतकाच्या निमित्ताने १९८६ साली तेथे तशीच नवी नोंद लेसर तबकड्यांवर करण्यात आली. पण वीस वर्षेही होण्यापूर्वी त्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली आणि तज्ज्ञांस मोठ्या खटपटीने आतील मजकूर बाहेर काढावा लागला. यास्तव दर पाच-सात वर्षांनी आपला ठेवा नव्या साधनावर उतरवावा, आणि अत्यंत प्रिय अशी वीस-पंचवीस छायाचित्रे कागदावर छापून घ्यावीत. कागद वाचावयास यंत्र लागत नाही.

७. विवेक

संग्रह करण्याचा अधिकार म्हणजे प्रदर्शन करण्याचा अधिकार नव्हे. दुसऱ्याचे छायाचित्र त्याच्या अनुमतीवाचून चारचौघांत फिरवू नये. विशेषतः लहान मुलांचे आणि रुग्णशय्येवरील माणसांचे. तसेच दुसऱ्याने निर्माण केलेले गाणे वा चित्रपट ही त्याची मिळकत आहे. १९५७ च्या आपल्या स्वामित्वहक्काच्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावर प्रकाशनानंतर ६० वर्षे हक्क असतो. घेतलेल्या गाण्यांची आपल्यापुरती व्यवस्था लावणे निराळे आणि त्यांच्या प्रती वाटणे निराळे.

स्वाध्याय

येत्या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने पुढील पाच गोष्टी कराव्यात:

(१) घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीशेजारी बसून दहा जुनी छायाचित्रे पाहावीत आणि प्रत्येकातील माणसांची नावे लिहून घ्यावीत.

(२) त्या दहा छायाचित्रांच्या दोन्ही बाजू टिपून त्यांस या लेखातील पद्धतीने नावे द्यावीत.

(३) घरात कॅसेट असल्यास तिच्या जिभा मोडून, वर काय आहे ते लिहावे.

(४) आजी-आजोबांचा दहा मिनिटांचा आवाज, आरंभी त्यांच्याच तोंडून नाव व तारीख घेऊन, मुद्रित करावा.

(५) या सर्वांच्या तीन प्रती करून एक घराबाहेर ठेवावी.

२०२८ साली उज्जैनास पुन्हा सिंहस्थ येईल. आपण सर्वजण घाटावर जाऊ आणि पुष्कळ छायाचित्रे काढू. ती काढताना आपल्या हाती कोणते यंत्र असेल, हे आज सांगता येत नाही. परंतु त्या संध्याकाळी घरी आल्यावर पाच मिनिटे बसून तारीख, स्थळ आणि माणसांची नावे लिहिण्याचे काम तेव्हाही आपल्यालाच करावे लागेल. आमच्या त्या मित्राची चित्रफीत काही परत आली नाही. मात्र त्याने आता आपल्या आजीच्या आठवणींचे अकरा भाग मुद्रित केले आहेत. प्रत्येकाच्या आरंभी आजी आपले नाव सांगते, आणि त्यापुढे न चुकता आजोबांचेही.